नदीकाठी मानपान नको

मंडळी, कसे आहात? पाथरीच्या ताई, गुडघ्याला आराम पडला का? पिंगळीच्या गुरुजींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. आणि पुण्याच्या आजी, तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली का? मी बरा आहे. पण या खेपेचं लिहावं की नाही ते ठरेना, म्हणून चार दिवस थांबून बसलो.

जानेवारीत आमच्या परभणीची थंडी हाडात शिरते, आणि मला नेमकी तेव्हाच नदी आठवते. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी. गार पाण्यातून निघाल्यावर ऊब कशी घ्यायची, हेही स्वतःच्या अंगावरच शिकलो. माझी लेक मानवतला दिलीय. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई, एकदा म्हणाले, "तुमी एकटेच मजा मारता. आमालाबी न्या की." मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं?

परभणीहून मानवतला एसटी सहज मिळते, माझं तर अर्धंच तिकीट. रेल्वेने याल तर स्टेशन गावापासून लांब पडतं, पुढे रिक्षा बघावी लागते. मुक्काम लेकीकडे केला. सकाळी ऊन वर आल्यावर व्याह्यांच्या मोटारसायकलवर गोदाकाठी निघालो. शेवटचा रस्ता मातीचा, दोन्हीकडे ऊस आणि हरभरा.

काठ धरूनच पोहलो. दात वाजायच्या आत बाहेर यायचं, हे आधीच ठरवलं होतं. व्याही पाण्यात लय खुशीत. "इवाई, गोदामाईनं फ्रीज घेतला का काय?" बाहेर आलो तेव्हा दोघंही ठणठणीत.

खरी गंमत पुढे झाली. पिशवीत सगळं दोघांपुरतं होतं, टॉवेल मात्र एकच. मी तो पुढे केला.

"घ्या, आधी तुमी."

"छे हो. तुमी वयानं मोठे."

"तुमी मुलाकडचे."

"आन् तुमी पाहुणे."

वारा सुटलेला, दोघांच्या अंगावर ओली बंडी, आणि टॉवेल मधल्या मधे. त्यांनी माझ्यासाठी घोंगडी अंथरली, थर्मासमधला चहा ओतून कप मलाच दिला. मी तो परत त्यांच्या हातात ठेवला. बाहेर आल्यावरही अंग आतून गार होतच राहतं, ओले कपडे आधी उतरवावेत, हे मला पक्कं ठाऊक. पण व्याह्याला कपडे काढा म्हणायला तोंड उघडेना.

मग त्यांचं बोलणं बंद झालं. कप इतका हलला की चहा मांडीवर सांडला. बंडीचं बटण काही केल्या निघेना. म्हणाले, "चला, गाडी काढतो. घरी बंब तापलाय."

त्या हातांनी गाडी, वरून वारा, आणि घरी गेल्या गेल्या कढत पाणी. गार पडलेल्या माणसाला त्यानं भोवळ येते. लेकीला काय तोंड दाखवणार होतो मी?

"खाली बसा. बंडी काढायचीय."

"अहो, असं कसं..."

"इवाई, आत्ता मी तुमचा इवाई न्हाई. हात वर करा."

त्यांनी मुकाट्यानं हात वर केले. बंडी उतरवली, अंग टिपून घेतलं, चोळलं नाही. आधी वरचे कोरडे कपडे, स्वेटर, कानटोपी. मग खालचे, पायमोजे. घोंगडीवर बसवून शाल गुंडाळली. मग माझं आवरलं. गुळाचा चहा घोट घोट दिला.

हुडहुडी आता जोरात भरली. ते घाबरले. "आता तर जास्तच गारठायलोय मी."

"असंच होतं. कापू द्या. अंग आपली ऊब आपणच करायलंय."

मी त्यांना बोलतं ठेवलं. जीभ जड झाली असती, किंवा अंग गारच असताना कापणं थांबलं असतं, तर थेट दवाखाना गाठायचा होता. तसं झालं नाही. उन्हात शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. कापणं हळूहळू ओसरलं आणि ते म्हणाले, "शाळंत घालतानाबी आईनं मला असं नटवलं नव्हतं." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. हात नीट चालायला लागल्यावरच गाडीला हात लावू दिला.

घरी विहीणबाई बंबापाशी उभ्या. "कडक पाणी काढलंय. आधी पाहुणे."

"आज कुणीच न्हाई," व्याही म्हणाले. "दुपारी बघू, तेबी कोमट."

"नदीत डुंबून आले आन् अंघोळ नको म्हणतेत," असं पुटपुटत त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं. पहिलं ताट कुणाचं, यावर मात्र आम्ही पुन्हा वाद घातला. तिथं चालतो.

आता परभणीत परत आलोय. एक साधं वाक्य बोलायला मी किती उशीर केला, हे मनातून जात नाही. काल व्याह्यांचा फोन आला. "रविवारी जाऊ. टॉवेल दोन आणा, आन् पहिल्यापासूनच दरडावा मला."

तुमच्यासोबत काठावर कोण असतं, आणि आधी अंग कोरडं कर असं तुम्हाला बिनधास्त कोण सांगतं, ते लवकर लिहून कळवा. ताई, गुडघ्याचंही लिहा. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्याला फार ताटकळत ठेवू नये.