शेवटची फ्रेम गुड्डीची

आमच्या हिच्या मामांनी ज्याचा फोटो काढला नाही असं मराठी कुटुंब रायपुरात नसेल, आणि असलंच तर त्या घरात मूल तरी नसेल. नुसत्या मोठ्या माणसांचे फोटो मामा काढतच नसत. नवरदेव असो की मराठी मंडळाचे अध्यक्ष, एकटा माणूस समोर उभा राहिला की ते कॅमेरा खाली करून विचारत, "लेकरू कुठं आहे?" लेकरू हवं, आणि त्याच्याबरोबर आई नाहीतर बाप हवा. दिवसभर रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी करून उरलेला सगळा जीव त्यांनी या एका वेडात घातला होता.

कॅमेरा जपानी, रोलचा. मामांचं घर उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, आणि तिथल्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवरच्या पापडांनाही सोडत नाही. म्हणून कॅमेरा जुन्या मलमलीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात राहायचा. एकदा घाईत मामींनी पोळीभाजीऐवजी तोच डबा त्यांच्या पिशवीत घातला. मामा दुपारभर उपाशी राहिले आणि संध्याकाळी खुशीत घरी आले, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाबूची बायको तान्ह्या पोराला घेऊन ऑफिसात आली होती. "तुह्या हातची भाजी रोजच खातो," ते मामींना म्हणाले, "पण असं पोट्टं रोज नाही भेटत!"

त्यांची फोटो काढायची रीत जगाच्या उलटी होती. 'इकडे पाहा, हसा' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. उलट कोणी कॅमेऱ्याकडे पाहिलं की ते कडाडत, "कॅमेऱ्याले काहून पाहून राहिला बे? तो काय तुहं पोट्टं आहे? पोट्ट्याले पाह्य!" रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून बदलून आलेले एक बडे साहेब सहकुटुंब फोटोला बसले. मुलगा मांडीवर, पण साहेबांची मान ताठ आणि नजर समोर. मामा म्हणाले, "साहब, बच्चे को देखिए. कैमरा कहीं भागा नहीं जा रहा." मग शांतपणे स्टुलावर बसून राहिले. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी मुलाने साहेबांच्या खिशातलं पेन उपसून तोंडात घातलं, साहेब "अरे, अरे" करत वाकले, आणि मामांनी खटका दाबला. तोच फोटो साहेबांनी मोठा करून दिवाणखान्यात लावला.

एवढ्या लेकरांना आईबापांच्या कुशीत बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःच्या मुलीबरोबर मात्र एकही फोटो नव्हता. गुड्डीचे मामींबरोबरचे फोटो ढीगभर, पण मामा कुठेच नाहीत. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायची त्यांची छाती होत नसे. आपोआप फोटो घेणारी कळ होती, पण ती कधीची अडकलेली, आणि दुरुस्तीला द्यायची म्हणजे पुन्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती! तरी प्रत्येक रोलची शेवटची फ्रेम ते 'गुड्डीची अन् माही' म्हणून राखून ठेवत. आणि दर वेळी कुणाचं तरी गोड पोर समोर येई अन् ती फ्रेम घेऊन जाई. "बाबा, मेरा नंबर कब आएगा?" गुड्डी विचारायची. "पुढच्या रोलले, बेटा." असं म्हणता म्हणता गुड्डी मोठी झाली आणि तिला पुण्यात नोकरी लागली.

तिला पोचवायला आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. शेजारच्या बाकावर एका बाईचं बाळ आईच्या नथीशी खेळत होतं. मामांचा हात सवयीने कॅमेऱ्यावर गेला. गुड्डी नुसती पाहत राहिली. मामांनी हात खाली घेतला. मला फार बरं वाटलं. मी पुढे होऊन म्हणालो, "द्या मामा, मी काढतो दोघांचा."

"जावईबापू, राग नका मानू," मामा म्हणाले, "पण तुम्ही लोकायच्या मुंड्या कापता."

गाडी सुटायला आली होती. गुड्डीने सरळ त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "मैं ही खींचती हूँ."

"अगं, मग तू कशी येशील त्याच्यात?"

"आप खड़े तो रहो, बाबा."

गळ्यात कॅमेरा नसलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले. हात कुठे ठेवावेत तेही त्यांना सुचत नव्हतं. खटका वाजला आणि गाडी हलली.

रोल धुऊन आला. फोटोत मामांची नजर थेट कॅमेऱ्यात! मी संधी थोडीच सोडतो? म्हटलं, "मामा, आयुष्यभर लोकांवर ओरडलात, आणि स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून राहिलात?"

मामांनी फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "कॅमेऱ्याले कुठं? पोरीले पाहून राहिलो."

आता रोल मिळत नाहीत, आणि मामांचे हातही कापतात. कॅमेरा मलमलीत, डब्यात असतो. तो फोटो गुड्डीने पुण्याच्या घरी दारासमोरच लावलाय. पुण्यात राहून तिचं मराठी सुधारलंय. एकट्या मामांकडे बोट दाखवून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हा माझा आणि बाबांचा फोटो."