बीड रोडवर आम्हाला थांबवणारा माणूस

अशा गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी तिथून उठून जातो. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला माझं आयुष्य गेलं. पार्ट खराब निघाला की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तरालाही 'का' विचारायचं, हा धंदा. घरीही तीच खोड. बायको म्हणते, "ह्यांच्यासमोर दूध उतू गेलं तरी पंचनामा होतो." तेव्हा लिहिणारा माणूस भाबडा नाही, एवढं धरून चला. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय... पंचाईत आहे ती तिथेच.

त्र्याण्णव सालचा एप्रिल. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी आयटीआय संपवून घरी बसलो होतो आणि रिकाम्या माणसाच्या गळ्यात पडतं ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं — बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायचं. सिल्लोडचे माझे धाकटे मामा स्वतःचा ट्रक चालवायचे. त्या दिवशी ते सरकीची पेंड घेऊन पाचोडला निघाले होते. पाचोडला आमचे चार-पाच नातलग, म्हणून मी पत्रिकांची पिशवी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये बसलो.

ज्यांना ती जागा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिकलठाण्याच्या विमानतळाची धावपट्टी जिथे संपते, तिच्या पलीकडून, कुंपणाबाहेरून बीड रोड आडवा जायचा. विमान उठलं की थेट रस्त्याच्या डोक्यावरून जायचं. आसपासच्या शेतातली माणसं दुपारचं विमान गेलं की भाकरीचं फडकं सोडायची, इतकी त्याची सवय. पण रस्ता उघडाच होता, ना गेट, ना राखणदार. मामा तिथून जाताना दर वेळी म्हणायचे, "रेल्वेला फाटक हाय, अन् एवढ्या मोठ्या विमानाला नाय. काय सरकार हाय!"

दुपारची वेळ, ऊन मरणाचं. मामांची गाडी जुनी, बैलगाडीशी शर्यत लावली तर निकाल सांगता आला नसता. आमच्या मागे कापसाच्या गाठींनी उंच भरलेला एक ट्रक बराच वेळ गुपचूप येत होता.

धावपट्टीच्या समोरची जागा शे-दोनशे पावलांवर आली, तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक माणूस दिसला. साठीचा असेल. खाकी सदरा, बगलेत गुंडाळलेली हिरवी झेंडी, हातात लाल. त्याने हात वर केला आणि मामांनी ब्रेक मारला.

"गेट बंद है. थोडा ठैरो, जहाज जाने दो," तो म्हणाला. आवाज शांत, रोजचंच काम असावं तसा.

मामा एकदम खूश. "आली बाबा, आली सरकारला अक्कल! फाटकवाला ठिवला बघ."

आणि मग फाटकावर सगळे ड्रायव्हर करतात तेच त्यांनी केलं. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं, सीटमागची लोखंडी कांब काढली, खाली उतरले आणि हवा बघायला एकेक टायर ठोकत मागे गेले.

आता मागच्या ट्रकवाल्याच्या नजरेनं बघा. पुढची गाडी उभी, इंजिन बंद, ड्रायव्हर टायर ठोकतोय. म्हणजे पंक्चर! त्याने गाडी उजवीकडे काढली आणि पुढे घातली. त्याची काहीच चूक नाही, कुणीही तेच केलं असतं.

मी काचेतून बघत होतो. झेंडीवाला जिथे उभा होता, बरोबर तिथूनच तो ट्रक गेला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही, स्टिअरिंग वळवलं नाही, वेग कमी केला नाही. ट्रक पुढे गेला आणि तो माणूस तिथेच उभा होता, तोंड आमच्याकडे, झेंडी तशीच वर. त्याने त्या ट्रककडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मी ओरडायला तोंड उघडलं. काय ओरडणार होतो, माहीत नाही. तेवढ्यात विमान आलं.

पुढचं पेपरात आलंच होतं. विमान हवं तेवढं वर उठलेलं नव्हतं. ते गाठींच्या ट्रकला धडकलं, तसंच पुढे गेलं, पुढे विजेच्या तारांत अडकलं आणि शेतात पडून पेटलं. कितीतरी माणसं गेली, काही वाचली. मला मात्र त्या क्षणाचा आवाज आठवत नाही. कापूस आठवतो. हवेत उडालेला कापूस सावकाश खाली येत होता आणि आमच्या बॉनेटवर बसत होता.

आम्ही धावलो, शेतातली माणसंही धावली. काय करता आलं आणि काय नाही, ते इथे लिहीत नाही.

परत गाडीपाशी आलो तेव्हा त्या माणसाला शोधलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली उघडी रानं, कोंबडी लपायला जागा नाही. एका शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कोन फाटकवाला? इथं फाटकच नाय तर वाला कुठला?"

पुढे चौकशीचा निष्कर्ष पेपरात आला. मीच मामांना वाचून दाखवला. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायची काही व्यवस्था नव्हती.

"नव्हती म्हंजी?" मामा म्हणाले. "मग आपुन कुनाच्या सांगन्यानं थांबलो?"

त्यांना चौकशीच्या साहेबांकडे जाऊन सांगायचं होतं. मी म्हणालो, "मामा, येड्यात काढतील." त्यांनी तो नाद सोडला. पण गावभर सांगत राहिले की देवमाणूस होता, त्याने आम्हाला वाचवलं. मी मान डोलवायचो.

खरी गोष्ट अशी की माझा हिशेब कधीच झाला होता आणि तो मी त्यांना सांगितला नव्हता. आम्ही थांबलोच नसतो, तर दोन्ही गाड्या विमानाच्या आधी तिथून पार झाल्या असत्या. थांबलो, पण मामा इंजिन चालू ठेवून आत बसले असते, तर पुढे काहीतरी अडलंय असं समजून मागचाही मागेच थांबला असता. वाचवलं कसलं... त्या माणसाने आम्हाला थांबवलं म्हणूनच तो ट्रक त्या क्षणी त्या जागी होता. मला ह्या विचाराची भीती वाटायची, अजूनही वाटते.

पुढे मामांनी गाडी विकली. कारण विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात.

शेवटच्या आजारपणात ते माझ्याकडे होते. एका सकाळी मी त्यांची दाढी करत होतो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू कारनं काढनारा मानूस. एक सांग. मी टायर ठोकाया खाली उतरलो नसतो तर?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं, इतकी सगळी वर्षं. मला रडू आलं. नोकरीत मी एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नाही. त्या सकाळी मात्र म्हणालो, "तरी तेच झालं असतं, मामा. विमानच खाली होतं. तुमच्यामुळं काहीसुद्धा झालं नाही."

त्यांनी मनगट सोडलं. चेहरा जरा सैल झाल्यासारखा वाटला. मी वस्तरा परत गालाला लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मग त्यानं थांबवलंच कशाला रं मला?"

मी उरलेली दाढी करून टाकली. चौथ्या दिवशी मामा गेले.