गाडीखालची मामी

माझ्या मामीला भेटायचं तर रविवारी सकाळी जायचं आणि घरात न शिरता थेट मागच्या शेडकडे वळायचं. तिथे गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी उतारांवर चढवलेली असायची आणि गाडीखालून मामांच्या जुन्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. ते पाय मामीचे. मामा शेजारी वेताच्या खुर्चीत, हातात काठी घेऊन. लोकांच्या घरी नवरा गाडीखाली आणि बायको चहा घेऊन उभी, असं असतं म्हणे. आमच्याकडे हे असं होतं, आणि त्यावर कुणी फिदीफिदी हसलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

मामा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि मामी घरीच शिवणकाम करायची. मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्यातून ते उठले, पण डावा पाय कायमचा रुसला. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून जुनी गाडी गेली आणि ही जुनीच पण ऑटोमॅटिक गाडी आली. हिला क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. मामा म्हणायचे, बघ, माझ्यासारख्या आळशी पायाची सोय कुणीतरी आधीच करून ठेवलीय.

चालवण्याचा प्रश्न सुटला, पण गाडीखाली शिरणं काही त्यांना जमेना. गॅरेजात द्यायची म्हटलं की मामांचा चेहरा पडायचा. दुसऱ्या कुणी आपल्या गाडीला पाना लावायचा, ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. शेवटी मामीनं पदर खोचला. शिवणयंत्राला इतकी वर्षं मीच तेल घालतेय, ते जरा लहान आणि हे जरा मोठं, एवढं बोलून ती खाली सरपटली.

पहिल्या दिवशी शेडमध्ये महाभारत झालं. मामा वरून सांगायचे, तिथला बोल्ट. मामी खालून विचारायची, तिथला म्हणजे कुठला? अगं तिथला! मामांना सगळं दिसत होतं ते मनात, आणि मामीला दिसत होती नुसती काळी लोखंडी पाठ. दोघांचाही आवाज चढला, पाना आपटला गेला, चहा निवला. मग चिडून मामांनी काठी गाडीखाली सारली आणि ज्या बोल्टाबद्दल बोलत होते त्याच्या बरोबर खाली फरशीवर दोनदा ठोकलं. मामीचा हात त्या आवाजावर गेला. तिनं विचारलं, हाच? मामांनी एकदा ठोकलं.

तेव्हापासून तीच त्यांची भाषा ठरली. दोन ठोके म्हणजे इथे, एक ठोका म्हणजे हो. पुढे ती शेडबाहेरही पसरली. मीठ बरोबर आहे का, खिडकी लावू का, झोपायचं का, सगळ्याला मामांचं उत्तर फरशीवर एक ठोका. मी मागच्याच गल्लीत राहायचे आणि शाळेला सुट्टी असली की तिथेच पडीक असायचे. ग्रीसचा वास, शिवणातल्या उरलेल्या कापडांची पुसणी, मामांचं अर्धवट शिट्टी वाजवणं, आणि मधूनच ठक ठक. सुख म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मला ती शेड आठवते, दुसरं काही आठवत नाही.

दादा म्हणजे मामीचा मुलगा, तो या सगळ्यात कधीच नसायचा. त्याला ग्रीसची शिसारी. तो वरच्या खोलीत खिडकीशी अभ्यास करत बसायचा आणि आवाज फार झाला की खिडकी लावून घ्यायचा. पुढे नोकरीसाठी तो लांब गेला.

मामा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. मामी ती चालवायची. बाजारात जायची, कपडे पोचवायची, आणि कधी कधी कुठेच न जाता एक फेरी मारून यायची. दादानं मात्र फोनवर विकण्याचा धोशा लावला. त्याचंही चुकत नव्हतं. आई एकटी, गाडी म्हातारी, रस्त्यात कुठे बंद पडली तर धावणार कोण? मामी म्हणाली, हिचं सगळं मी करते. त्यावर दादा म्हणाला, केलंस ते बाबा शेजारी असताना. एकटीनं एकदा ऑइल बदलून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो.

मामीला डिवचायचं नसतं, हे पोटच्या पोराला कळू नये याचं मला नवल वाटतं. शनिवारी सकाळीच ती पायजमा चढवून गाडीखाली गेली. आणि दुपारी तिचा मला फोन आला, लगेच ये, दादाला कळवू नकोस.

मी पोचले तेव्हा गाडी उतारांवरून खाली आलेली होती, अर्धी शेडमध्ये, अर्धी उन्हात. मामी पायरीवर बसून होती. ऑइल काढलं, बोल्ट लावला, वरून नवीन ऑइल ओतलं, सगळं रीतसर. गाडी उतारावरून मागे घरंगळली, म्हणून तिला वाटलं चालतेय. पण सपाटीला आल्यावर कुठलाही गिअर टाका, इंजिन नुसतं बोंबलत होतं, मागून धूर येत होता आणि गाडी जागची हलत नव्हती.

मी स्पेअरपार्टच्या दुकानाला फोन लावला. दुकानदार मामांच्या ओळखीचा. त्यानं एकच विचारलं, निघालेलं तेल काळं होतं की लाल? मामीनं बाजूचा डबा उघडून दाखवला. लाल. मी तसं सांगितलं, तर तो म्हणाला की ते इंजिनचं नव्हतंच, गिअरबॉक्सचं होतं. दोन्ही बोल्ट खालून सारखेच दिसतात. आता गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट तेल. तशीच चालवली तर दोन्ही जातील, मग भंगारवालाच न्यायचा.

मामीनं फोन ठेवायला सांगितलं.

"काळं नाही आलं तेव्हा कळायला हवं होतं," ती म्हणाली. "पण इतकं स्वच्छ तेल बघितलं आणि मला वाटलं, जायच्या आधी ह्यांनी कुणाकडून तरी गुपचूप बदलून घेतलं असणार. माझी सोय म्हणून. तिथेच गाडीखाली रडत बसले मी, वेड्यासारखी."

इतकी वर्षं ती त्या गाडीखाली गेली, पण तिनं बोल्ट कधी डोळ्यांनी शिकलाच नव्हता. ती ठोक्यावर हात न्यायची. ठोका गेला आणि तिला खालचं काहीच ओळखीचं राहिलं नाही.

आणि तेवढ्यात फाटक वाजलं. दादा. एक दिवस आधीच, आईला मदत करावी म्हणून. कळवू नको म्हणावं आणि हजर व्हावं, तसलाच प्रकार. त्यानं गाडी बघितली, डबा बघितला, आईचं तोंड बघितलं. मी मनात म्हटलं, आता हा बोलणार, मी सांगितलं होतं ना. बोलला असता तर माझ्याकडून चार गोष्टी ऐकून घेतल्या असत्या त्यानं. पण तो बूट काढून बाही वर सारू लागला. दुकानदाराला पुन्हा फोन करून त्यानं सगळं नीट विचारून घेतलं आणि गिअरबॉक्सचं नवीन तेल आणि लांब नळीचं नरसाळं घेऊन आला. आम्ही जॅकनं गाडी उचलली, खाली भक्कम ठोकळे दिले.

आधी इंजिनातलं जादा तेल काढायचं होतं. मामी खाली गेली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते, हलत नव्हते.

दादानं वाकून विचारलं, काय झालं?

"हात धजत नाही रे," आतून आवाज आला. "सकाळीही मला खात्रीच होती."

खरं तर सकाळचा बोल्ट पुसलेला होता, उरला तो दुसरा. हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग?

दादा उठला. वेताच्या खुर्चीमागे काठी होती, ती त्यानं घेतली आणि खुर्चीत बसला. इंजिनाच्या बोल्टाचा अंदाज घेत काठी आत सारली आणि दोनदा ठोकलं. अगदी मामांसारखं. पहिला ठोका जोरात, दुसरा अर्धवट, कंटाळल्यासारखा. खिडकी लावून घेणारा हा पोरगा सगळं ऐकत होता तर.

खाली पाना लागला, आणि काळं, जाड तेल परातीत पडू लागलं.

पुढचं काम सोपं होतं. इंजिनात तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत तेल ठेवलं. गिअरबॉक्समधून निघालेलं लाल तेल मामीनं मापून घेतलं आणि तेवढंच नवीन तेल गिअरबॉक्सच्या पट्टीच्या नळीतून नरसाळ्यानं सोडलं, हळूहळू, बाटलीला हिसका न देता. गाडी खाली उतरवली. मामी चालकाच्या जागी बसली, ब्रेकवर पाय ठेवून तिनं इंजिन चालू केलं आणि गिअरचा दांडा एकेका खाचेत नेऊन जरा थांबवत फिरवला, तेल सगळीकडे पोचावं म्हणून. मी पट्टी पुसून पुन्हा बघितली. थोडं कमी होतं, थोडं आणखी घातलं. मग तिनं ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी जराशी अंग चोरून पुढे सरकली. थांबली. मागे आली. मामीनं इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. तिच्या कपाळाला तेल लागलेलं होतं. दादा खुर्चीतच बसला होता.

"एकटीनं नाही जमलं," ती म्हणाली. "हरले मी. सांग आता, उद्याच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगायचं का?"

दादानं तिच्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून त्यानं काठी उचलली आणि फरशीवर एकदा ठोकली.