बापाची पाळी कोणती?

सुरतेत बमरोलीच्या कापड मिलांमागे चिंध्यांचा ढीग असतो. तो कुणी मुद्दाम रचत नाही. रोज थोडं कापड कापलं जातं, रोज थोडी चिंधी मागे फेकली जाते, आणि एक दिवस बघावं तर ढीग माणसाच्या डोक्यावर गेलेला! आमच्या हिलाल सरांच्या किश्शांचं तसंच झालं. जमवायचे म्हणून मी एकही जमवला नाही. पण नवागाममधल्या चार रिकामटेकड्यांत बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सुन्या, तो म्हशीचा सांग." मग म्हशीचा सांगायचा, मग शाईचा, आणि शेवटी शारदाचा. शारदाचा सांगितला की पुढे कुणी सांगत नाही.

आधी माणूस सांगतो. हिलाल सर धुळ्याकडचे. एका खाजगी मराठी शाळेत पीटी शिकवायचे आणि दर वर्षी वस्तीतल्या पोरांची ट्रायथलॉन, म्हणजे पळणं-सायकल-पोहणं अशी तिहेरी शर्यत, घ्यायचे. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधीच्या त्या वर्षांत आमच्याकडे कुणाला ट्रायथलॉन म्हणजे काय विचारलं असतं, तर त्यानं औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं! मी शाळा सोडलेला. ज्या मोठ्यांनी त्यावरून माझी लाज काढली, तेच गुजरातीत अर्ज लिहून घ्यायला माझ्या दारात यायचे. सरही आले. अर्ज लिहून घेतला आणि जाताना म्हणाले, "आजपासून तू स्पर्धेचा सेक्रेटरी." मला कुणी विचारलं? आमच्याकडे मोठी माणसं विचारत नाहीत, सांगतात.

*

सरांनी ही शर्यत पाहिली कुठे? उधन्याच्या एका टीव्हीच्या दुकानाबाहेर. काचेआड टीव्ही चालू, आवाज बंद. सरांनी उभ्या उभ्या दहा मिनिटं बघितलं आणि घरी येऊन नियम बनवले.

पहिल्या वर्षी पोरं आधी पळाली, मग त्यांनी सायकल मारली, आणि शेवटी जीभ बाहेर आलेली ती पोरं सरांनी दिंडोलीच्या नहरेत, म्हणजे कालव्यात, ढकलली. अर्ध्या नहरेत हातपाय गळाले. तिथं म्हशी डुंबत होत्या म्हणून वाचली. तीन पोरं म्हशीचं शेपूट धरून काठाला लागली. पहिला कोण, यावर मग वाद. पोर पहिलं की म्हैस?

पुढे कुणी जाणकार भेटला. तो म्हणाला, "अहो सर, पोहणं आधी असतं! पळणं शेवटी!"

सर म्हणाले, "तरीच ती माणसं ओली होती. मला वाटलं, घाम आहे."

*

दुसरं, आणि हे चार वर्षांनी कळलं. सरांना पोहता येत नव्हतं.

पोहणं ते शाळेच्या बाकावर शिकवायचे. पोराला पोटावर आडवं टाकायचं, हात असे, पाय असे, "तोंड वळव, श्वास घे, तोंड वळव!" बाकावर आमची पोरं अख्खी तापी पार करायची. एकदा मी चिडून विचारलं, "सर, तुम्ही कधी पाण्यात उतरत का नाही?"

"मी पाण्यात गेलो, तर तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

*

सायकलींचं दुखणं वेगळंच. पोरांच्या सायकली नव्हत्याच. सायकल बापाची, आणि बाप मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. बापाबरोबर सायकलही पाळी करायची! बाप रातपाळीला असेल तर सायकल सकाळी सातनंतर घरी. दिवसपाळीला असेल तर सातच्या आधीच घराबाहेर.

म्हणून सर निवड करताना पोराचा टायमिंग विचारायचे नाहीत. वही उघडायची आणि विचारायचं, "बापाची पाळी कोणती?" बऱ्यापैकी पळणारी पोरं बापाच्या पाळीपायी बाद झाली. आणि एक रडकं पोर, ज्याला सायकलच्या मधल्या नळीखालून पाय घालून जेमतेम पायडल मारता यायचं, ते तीन वर्षं शर्यतीत. का? त्याच्या बापाला कायमची रातपाळी होती!

मी म्हणालो, "सर, ही खेळाची निवड आहे की मिलची हजेरी?"

सर अहिराणीत उखडले. "तुले काय समजस रे? सायकल मी काय खिशातून काढू?"

*

एका वर्षी सगळं जमलं. पोरं जमली, सायकली जमल्या, आणि नहरेत पाणीच नाही! पाणी सोडायची पाळी पुढच्या आठवड्यात होती. नहरेचीही पाळी असते, हे आमच्या सरांच्या वहीत नव्हतं.

तळाला घोटाभर चिखल. मी म्हटलं, पोहणं रद्द करा. सर म्हणाले, "रद्द? ट्रायथलॉनमधून एक काढलं तर उरतं काय?" शिट्टी फुंकली. साठ पोरं चिखलातून हात फिरवत चालत गेली. काठावर उभे राहून सर ओरडतायत, "हात पूर्ण! तोंड वळव! श्वास घे!"

पलीकडून एक गुजराती काका दूध घेऊन चालले होते. थांबले, बघितलं आणि मला विचारलं, "भाई, आ छोकराओने शुं थयुं छे? काय झालं यांना?"

*

आता शाईचा. सायकलचा रस्ता दिंडोलीहून बमरोलीच्या मिलपर्यंत आणि परत. पोरं हुशार. अर्ध्यातून झाडाआड थांबायची आणि वळून यायची. यात सगळ्यात पुढे कोण, तर आमच्या मंडळाचे अध्यक्ष तात्या, त्यांचा पुतण्या नितीन. वस्तीत गिअरची सायकल त्याच्या एकट्याकडे. तरी लबाडी!

सरांनी तोड काढली. मिलमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांवर नंबर मारायची जांभळी शाई असते, ती आणली. वळणावर उभं राहून प्रत्येक पोराच्या तळहाताला ती लावायची, हे काम सेक्रेटरीचं. हात जांभळा नसेल तर पोर बाद.

लबाडी थांबली. पण ती शाई साबणानं निघेना, घासलेटानं निघेना. पंधरा दिवस साठ पोरं जांभळे हात घेऊन हिंडली. एकाच्या मावशीच्या लग्नात पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसेना. त्याची आई भांडायला आली तेव्हा सर अभिमानानं म्हणाले, "ताई, पक्का माल आहे!"

*

मंडळाच्या मीटिंगा तर विचारूच नका. एक मीटिंग फक्त पोरींनी पोहावं का, यावर. शारदा तेव्हा सातवीत. सरांच्या सगळ्या पोरांत पाण्यात तीच पुढे. बापाचा जुना शर्ट घालून उतरायची आणि मासोळीसारखी पलीकडे. तिचा बाप किसनराव, जालन्याकडचा, लूमवर कामाला.

तात्या तक्क्याला टेकून म्हणाले, "पोरीची जात. उद्या नवऱ्याच्या घरी काय पोहत जाणार आहे?"

सगळे म्हातारे हसले. आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेली ही माणसं!

किसनराव कोपऱ्यात बसून होते. त्यांना म्हणे शारदाला दिवाळीनंतर गावी मावशीकडं पाठवायचं होतं. शाळा बंद, मग स्थळ बघायचं. सरांनी तिथेच हात जोडले. "किसनराव, पोरगी दहावीपर्यंत राहू द्या. मी जबाबदारी घेतो."

किसनराव म्हणाले, "सर, तुमी लई बोलता. असं करू. औंदा शर्यतीत पयली आली, तर दहावीपस्तोर ऱ्हाईल. न्हाई आली, तर मंग मला कुनी काय बोलायचं न्हाई."

"चार माणसांत शब्द दिला हं, किसनराव," तात्या म्हणाले. पोरीचं आयुष्य टांगलं आणि मीटिंगमध्ये चहा आला.

*

त्या वर्षी सरांनी तारीख ठरवताना पहिल्यांदा डोकं वापरलं. किसनराव रातपाळीला असतील त्या रविवारची तारीख धरली. आमच्या लूमला रविवार-सोमवार सारखाच. तात्यांनी ती एक आठवडा पुढे ढकलली. का? प्रमुख पाहुण्यांना सवड नव्हती! पाळी बदलली. किसनराव दिवसपाळीला आले.

तरी सरांनी शिट्टी सहावर आणली आणि हिशोब बसवला. सहाला शिट्टी वाजली असती तर साडेसहाला सायकल मोकळी, आणि सातला किसनराव लूमवर. पण पाहुणे सव्वासहाला उगवले. मग नारळ. मग तात्यांचं भाषण. थंडीत चड्डीवर कुडकुडणाऱ्या पोरांना तात्या पंधरा मिनिटं सांगत होते की वेळेचं महत्त्व काय असतं!

शिट्टी वाजली तेव्हा मी बमरोलीच्या वळणावर शाई घेऊन उभा होतो. तिकडे काय झालं ते सरांनी नंतर सांगितलं.

शारदा पाण्यातून पहिली बाहेर आली. सायकलीपाशी धावली, तर हँडल धरून बाप उभा. हातात डबा.

सर म्हणाले, "किसनराव, फक्त वीस मिनिटं!"

"सर, सात वाजले की माह्या लूमवर बदली मानूस उभा करतील. परवाच एकाला घरी बशिवला."

तेवढ्यात नितीन पाण्यातून बाहेर येऊन गिअरच्या सायकलवर बसलासुद्धा. शारदानं ओल्या शर्टाला हात पुसले आणि म्हणाली, "बाबा, मागं बसा."

मला वळणावर दिसलं ते एवढंच. पुढे नितीन. त्याच्या मागे ती काळी चोवीस इंची सायकल, नळीखालून पाय घालून उभी पायडल मारणारी शारदा, आणि कॅरेजवर तिचा बाप, मांडीवर डबा धरून! मी नितीनचा हात रंगवला. शारदाचा रंगवला. किसनरावांनी वाकून आपला पंजा पुढे केला.

"मलाबी लाव."

"तुम्हाला कशाला, काका?"

"लाव म्हनतो ना! मंग म्हनतील, बाप बसलाच नव्हता."

लावली. समोरच मिलचं गेट. शारदा ब्रेक दाबणार, एवढ्यात किसनराव ओरडले, "थांबू नगंस! म्या उडी टाकतो!" टाकली. गुडघ्यावर आपटले, डबा गडगडत गटारीकडे गेला. शारदानं मान वळवली.

"मागं बगू नगंस! हाण!"

आणि तिनं काय हाणली! जाताना नितीन फर्लांगभर पुढे होता. पळण्यात तिनं त्याला जवळजवळ गाठलं. जवळजवळ. दहा-बारा पावलं कमी पडली.

तात्या म्हणाले, "दुसरीबिसरी नाही. सायकलवर माणूस बसवला, पोरगी बाद!"

तेव्हा सर पहिल्यांदा तात्यांवर ओरडले. "कॅरेज रिकामं ठेवा असं माझ्या नियमात कुठं लिहिलंय? दाखवा!" नियम सरांनीच बनवलेले, तात्या दाखवणार कुठून? शारदा दुसरी राहिली. पण दुसरी म्हणजे दुसरी.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर आम्ही तिघं मंडळाच्या ओट्यावर होतो. मी, सर आणि तात्या. बोर्डावर लावायचा निकाल मी लिहीत होतो. किसनराव सरळ मिलमधून आले. गुडघ्यावर पँट फाटलेली.

"कितवी आली?"

सर मान खाली घालून म्हणाले, "दुसरी."

तात्या म्हणाले, "चार माणसांत शब्द दिला होता, किसनराव. पहिली आली तर. आता आमच्याकडे बघू नका."

किसनरावांनी तात्यांकडे बघितलंच नाही. आपला जांभळा पंजा माझ्या कागदावर ठेवला.

"सूत तोलताना पोत्याचं बारदान वजा करता का न्हाई? माहं वजन अठ्ठावन किलो हाय. डबा येगळा. ते वजा करा, आन् मंग माह्या लेकीचा नंबर लिवा."