नेपल्सला, नुसतं बघायला

परदेशी जायला कारण लागतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर माझी समजूत होती, पासपोर्ट लागतो.

मी नागपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी नववीच्या फळ्यावर एक ज्वालामुखी काढायचे. तांबड्या खडूने आतली नळी, पिवळ्याने वरचा धूर, कडेला निळ्याने समुद्र. खाली लिहायचं: व्हेसुव्हियस, नेपल्सजवळ. इतकी वर्षं तो डोंगर काढला, पण सीताबर्डीच्या टेकडीपेक्षा उंच काही मी आयुष्यात धड चढलेले नव्हते. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, त्या डोंगराखाली लोक अजून राहतात, मग त्यांना भीती नाही वाटत?" मी म्हटलं, वाटत असेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाहिलं नाही." वर्ग हसला, मीही हसले. पण त्या संध्याकाळी सायकलवरून महाल भागातल्या घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. जायचं, आणि एप्रिलमध्येच जायचं.

एप्रिलच का, तर प्रवासाच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, उन्हाळ्यात तिथं फार उकडतं. हे वाचून दाखवल्यावर आमचं घर पोट धरून हसलं. तिथलं फार उकडणं म्हणजे आमची दिवाळीनंतरची दुपार. पण मला उन्हाची भीती नव्हती, मला तिथला वसंत हवा होता. आमच्याकडे वसंत होळीला येतो आणि होळीची राख निवायच्या आत निघून जातो. मग कूलरला नवा वाळा लावा आणि दारं-खिडक्या बंद करून बसा. डोंगराच्या उतारावर महिना-दीड महिना रानफुलं टिकतात, हे मला नुसतं वाचून पटत नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "ऐन पेपर तपासायच्या दिवसांत?" मी म्हटलं, तपासून जाईन. तपासून टाकलेही.

मी लग्न केलं नव्हतं. मोठा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायचे. त्यांची मुलं शिकायला बाहेरगावी होती. पैसा माझा मी साठवला होता, त्यामुळे तिथं कोणाला बोट शिरकवायला जागा नव्हती. नेपल्सच्या पर्यटन कचेरीला पत्र टाकून मी शहराचा आणि भोवतालच्या गावांचा नकाशा मागवला. तो टेबलावर मावेना, म्हणून स्वयंपाकघरात खाली पसरला आणि उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. वहिनी मेथी निवडत बाजूला बसली.

"हे काय हाय, ताई?"

"बंदर. इथं उतरून पहिले दोन दिवस शहर पाहायचं. मग ही छोटी रेल्वे, डोंगराला वळसा घालून जाते. इथं ते राखेखाली गाडलं गेलेलं गाव. इथून बोटीनं बेटावर. आणि शेवटी डोंगर."

"डोंगर शेवटी काहून ठेवला? पहिले डोंगर करा. पायात जीव हाय तंवर."

मी डोंगर पहिल्या दिवशी घेतला. मग रोज दुपारी आमचं हेच चाललं. बेटावर मुक्काम करायचा की संध्याकाळच्या बोटीनं परतायचं यावर आम्ही दोघी भांडलोसुद्धा. वहिनीचं म्हणणं, समुद्राच्या मधोमध एक रात्र झोपून पाहावं. एकदा तिने मेथीची जुडी हातात तशीच धरून विचारलं, "तिथं पोहोचल्यावर कोणाचं काय करावं लागंन?"

"कोणाचं काही नाही."

"म्हणजे कोणाचं बाळंतपण नाही, कोणी बिमार नाही?"

"कोणीच नाही, वहिनी."

तिने जुडी खाली ठेवली आणि नकाशातल्या बेटावर बोट ठेवलं. तिचे सगळे प्रवास मला माहीत होते. माहेरी गेली ती बाळंतपणाला, नाहीतर कोणाच्या तेराव्याला. लग्नघरी गेली तर पोहोचल्या पोहोचल्या पदर खोचून चुलीपुढे. पाहुणी म्हणून ती कुठं बसलेली मी पाहिलीच नव्हती.

बाहेर मात्र माझ्या कारणाचा शोध सुरू झाला होता. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. चहा पिऊन भला माणूस विचारू लागला, तिकडे कोणी नातेवाईक? नाही. नोकरी? नाही. शिक्षण? नाही. मग बिचारा लाजत म्हणाला, "लग्नाचं काही...?" मी म्हटलं, "नाही हो, बघायला चालले."

"काय पाहाले?"

"डोंगर. समुद्र. गाव."

"बाप्पा!" तो म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

हवालदाराचं कामच होतं विचारणं. पण ज्यांचं काम नव्हतं तेही विचारायला लागले. शेजारणीने माझ्यासाठी तिकडे एक माणूस शोधून ठेवला. शाळेत कोणी म्हणे मला मोठा आजार आहे, उपचाराला चालले. एकजण म्हणाली, धर्म बदलणार असतील. मुलगा तिकडे आहे म्हणून गेलेली आई चालते, सुनेच्या बाळंतपणाला गेलेली तर फारच चालते. आपल्या पायांनी, आपल्या पैशाने, आपल्या डोळ्यांसाठी गेलेली बाई मात्र कोणालाच झेपत नव्हती. माझा संताप संताप व्हायचा.

सगळ्यांत हैराण दादा. तो वस्तीतल्या मंडळाचा कार्यवाह, चार लोकांत ऊठबस असलेला. "लोकं विचारून राहिले मले. काय सांगू मी त्यायले?"

"बघायला चालली म्हणून सांग."

"असं कोणी जाते का? एखादं शिबिर म्हण, परिषद म्हण. तुले काय फरक पडते? तिकीट तेच, गाव तेच."

फरक पडत होता. मी एकदा परिषद म्हटलं असतं तर ती परिषदच नेपल्सला गेली असती, मी नाही. परत आल्यावर परिषदेत काय झालं तेच सांगत बसावं लागलं असतं. मी दादाला साफ नाही म्हटलं.

मग त्याने आपल्या परीने मार्ग काढला. त्या काळी गावातलं कोणी परदेशी निघालं की वर्तमानपत्रात फोटो यायचा. एका सकाळी तिथं माझा फोटो. खाली छापलेलं: ज्वालामुखीच्या उच्च अभ्यासासाठी इटलीस प्रयाण. मजकूर दादाने नेऊन दिला होता. एवढ्यावर थांबला असता तर मी घरातल्या घरात भांडून गप्प बसले असते. पण रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात त्याने माझा सत्कारही ठेवला, आणि ते मला आदल्या दिवशी सांगितलं.

मी गेले. मुद्दाम चांगली साडी नेसून गेले. सभागृह भरलेलं, बायका एका बाजूला, वहिनी त्यांच्यात तिसऱ्या रांगेत. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी होते. ते माझ्या संशोधनावर पुष्कळ बोलले. किती संशोधन केलं होतं मी, मलाच ठाऊक नव्हतं. शाल घातली, नारळ दिला, हार घातला, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "मी अभ्यासाला चाललेली नाही. मला तिथं कोणी बोलावलेलं नाही, आणि परत येऊन मी कोणाच्या काही उपयोगी पडणार नाही. मी फिरायला चालले. ही शाल अभ्यासासाठी दिली असेल तर ती माझी नाही, परत घ्या."

घातलेली शाल परत कशी घ्यायची, हे कोणाला माहीत नव्हतं. अध्यक्ष उठले, मग बसले. पुन्हा अर्धवट उठून हळूच म्हणाले, "पण उद्देश काय, बाई?"

"उद्देश नाही," मी म्हटलं, आणि शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. नारळ तेवढा मी घेऊन आले.

घरी दादाने चपला भिरकावल्या. "नाक कापलं माझं! चार लोकांत तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. त्यायले नको सांगू, मले सांग. भाऊ हाओ ना तुझा? एक, एक तरी कारण सांग."

"सांगितलं की. बघायला."

"ते कारण नाही होय!"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. बाहेरची साडी तिने अजून बदलली नव्हती. "म्हटलं, ऐकता का," ती दादाला म्हणाली, "मले बी जायचं हाय."

दादाचा आवाज एकदम खाली आला. "कुठं?"

"पचमढीले."

मला वाटलं, आता हा पुन्हा उसळणार. पण त्याचा चेहरा चक्क खुलला. आमच्याकडून माणसं वर्षानुवर्षं पचमढीच्या महादेवाला जातात, नवस बोलतात, फेडतात. "मंग महादेवाले जायचं हाय म्हण ना! नवस होता का काही? मले बोलली नाही कधी. जाऊ ना आपण, शिवरात्रीले जाऊ."

"नवस नाही."

"मंग?"

"महादेवाले नाही जाऊन राहिली मी. डोंगर पाहाले जाऊन राहिली."

"अवं, तिथं गेल्यावर दर्शन तं होतेच ना? मंग दर्शनाले चालली म्हणाले काय जाते तुह्यं?"

"दर्शन घेईन," वहिनी म्हणाली. "पण लोकायले सांगान तं पाहाले गेली म्हणून सांगा."

दादा माझ्याकडे बघायला लागला. आता मीच तिला समजवावं, अशी त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मी तिला काही समजावलं नाही.

"कधी निघता, वहिनी?" मी विचारलं.

"तुमच्या आधी."