आरसेवाला आणि बोटभर मासा

अख्खी गल्ली त्याला काचमामा म्हणायची. खिडकी फुटली, बोलवा काचमामाला. न्हाव्याचा आरसा तडकला, बोलवा काचमामाला. हात सफाईचा, पण तोंडाचा पट्टा असा की गिऱ्हाईक काच घ्यायला यायचं आणि चार गोष्टी ऐकून काच विसरून जायचं. "यांच्या तोंडाला बूच बसवणारा कारागीर अजून जन्माला यायचाय," असं त्याची बायको म्हणायची.

खाली दुकान, वर घर आणि मागे घोटाभर पाण्याचा ओढा. त्या ओढ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. काचमामाही बघत नव्हता. वरच्या खोलीत त्याची लेक पलंगाला खिळून होती. आधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं, ही तिसरी खेप. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि बाळाचं नावसुद्धा काढू द्यायची नाही. आई एकदा म्हणाली, माळ्यावरचा पाळणा काढून पुसते. तर लेक कडाडली, "हात लावशील तर बघ!" तेव्हापासून पाळणा गोणपाटात तसाच होता, आणि बोलक्या काचमामालाही जिन्यावर शब्द फुटत नव्हता.

एकदा हात धुवायला तो ओढ्यात उतरला, तर दगडाच्या कपारीत काहीतरी हललं. वाकून बघतो तो चिखलाच्या रंगाचा बोटभर मासा! कपारीच्या छताला मोहरीएवढी अंडी चिकटलेली, आणि हा पठ्ठ्या पंख हलवून त्यांच्यावर ताजं पाणी ढकलतोय. जवळून कुणी गेलं की तोंड वासून अंगावर धावतोय. रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, या जातीत अंडी बाप राखतो. आई घालून मोकळी."

"एक तरी जात शहाणी निघाली म्हणायची," बायको म्हणाली.

हे लेकीला दाखवायचंच, असं त्याच्या मनाने घेतलं. कॅमेरा कुठला? लेकीचाच जुना, तडा गेलेला फोन होता. दुकानात उरलेल्या काचेच्या तुकड्यांची त्याने वर उघडी पेटी केली आणि सांधे सिलिकॉनने बुजवले. पेटी अर्धी पाण्यात दाबायची, आत फोन काचेला टेकवायचा, आणि आपण काठावर पालथं पडून गाळ बसेपर्यंत गप्प राहायचं. काचमामा आणि गप्प! बायको खिडकीतून ओरडली, "अहो, उतारवयात मगर व्हायचं ठरवलंय का?" त्याने मानही वर केली नाही.

पहिला फोटो बघून लेक भिंतीकडून वळली. मग रोजचंच झालं. "बाबा, आज काय म्हणतोय तुमचा मासा?" एके दिवशी अंड्यांत दोन-दोन काळे ठिपके दिसले. ती हळूच म्हणाली, "डोळे आलेत, बाबा."

आणि इथेच काचमामाची बुद्धी शेण खायला गेली. फोटोत आभाळाची चकाकी यायची, ती त्याला खुपत होती. त्याने पेटीवर काळं फडकं टाकलं. फोटो काय सुरेख आला! आणि मासा वळला, काचेकडे बघत राहिला, मग धाडकन येऊन आदळला. पुन्हा आदळला. काचमामा खूश! "वा रे वाघा," म्हणत तो फोटो काढत सुटला. मग फोनवर मागची कपार दिसली. बारक्या माशांचं टोळकं आत शिरून अंडी टिपत होतं, आणि राखणदार इकडे काचेतल्या स्वतःशीच झुंजत होता.

काचेमागे काळं आलं की आरसा होतो. उभा जन्म आरसे करण्यात गेलेल्या माणसाला हे दुसऱ्या कुणी सांगायचं? त्याने फडकं फेकलं, पेटी ओढली, गाळ उसळला, सगळं गढूळ झालं. तो उठला आणि तिथून पळालाच.

वर लेक वाट बघत होती. "आज?"

कालचा फोटो फोनमध्ये होता. तोच पुढे करावा, असं त्याच्या मनात आलंही. पण तिचा चेहरा बघून त्याला ते जमेना. "पोरी, माझ्या हातून घात झाला गं," म्हणत त्याने सगळं सांगितलं आणि लहान मुलासारखा रडला. लेकीने तोंड भिंतीकडे केलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

तशीच पडून लेक म्हणाली, "बाप परत कपारीत गेला का?"

"बघितलं नाही."

"का?"

"धीर झाला नाही."

ती वळली. "मग आता बघून या. काय असेल ते दाखवा, पण खरं दाखवा."

काचमामा पुन्हा पालथा पडला, या वेळी फडक्याशिवाय. गाळ हळूहळू खाली बसला. मासा तिथेच होता! नाक खरचटलेलं, निम्मं छत उजाड, आणि उरलेल्या अंड्यांवर त्याचे पंख हलत होते. एवढ्यात एक अंडं थरथरलं. साल फाटली, शेपूट बाहेर आलं, आणि नखाच्या तुकड्याएवढा जीव पाण्यात सुटला. अंग इतकं नितळ की आरपार दिसावं, आणि आत लाल ठिपका धडधडत होता. असली काच काचमामाने जन्मात पाहिली नव्हती. "अरे देवा," तो पुटपुटला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मग दुसरं अंडं थरथरलं, तिसरं थरथरलं. फोटो काढायचा असतो हेच तो विसरला होता.

शेवटी काढलेल्या फोटोत आभाळ आलं होतं, त्याचा कानही आला होता. लेकीने दोन बोटांनी तो मोठा केला. लाल ठिपका दिसला. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"किती गेली, बाबा?"

"निम्मी."

"आणि तरीही हा तिथेच आहे."

"तिथेच आहे."

तिने फोन उशाशी ठेवला. "आई, तो पाळणा काढ गं माळ्यावरचा."

बायकोने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ओले कपडे बदला आधी. मग चढा माळ्यावर."