रगीदाचा उसना आवाज

दमास्कसच्या आमच्या स्टुडिओत तुर्की मालिकांना अरबी आवाज दिले जात. मी आवाज नोंदवायचो आणि रगीदा नायिकेचं बोलायची. चाळिशीची, बिनलग्नाची, धाकट्या भावाबरोबर राहायची. भाऊ मुन्झिर घड्याळं दुरुस्त करी. दोन वर्षं त्याचं मन पार खचलं होतं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

मालिकेतली नायिकाही तशीच खचलेली. एका भागात ती गोळ्यांची बाटली समुद्रात भिरकावते आणि म्हणते, "माझी मी मला सापडले!" पुढच्या भागात तिचा चेहरा फुललेला. गल्लीतल्या बायका रगीदाला रस्त्यात अडवून ते वाक्य म्हणायला लावत.

घरी भाजी निवडताना तिनं ते मुन्झिरसमोर म्हटलं. तो कितीतरी महिन्यांनी हसला.

"ताई, पुन्हा म्हण ना!"

ती रोज म्हणू लागली. आठवड्याभरानं उशीखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं तिला दिसली. पण मुन्झिर गुणगुणत दाढी करत होता. तिनं उशी होती तशी ठेवली.

महिन्याभरात त्याचं जेवण सुटलं, मग बोलणं. दोन महिने तो इस्पितळात होता.

घरी आणल्यावर तिनं त्याला सांगितलं, "मी पाकिटं पाहिली होती. गप्प बसले."

"मला गोळ्या नकोच होत्या गं," तो म्हणाला. "तू फक्त निमित्त झालीस."

"निमित्त तरी का झाले?" ती मला विचारायची.

मालिकेच्या पुढच्या पर्वात नायिका एका खचलेल्या मैत्रिणीला धीर देते. रगीदा दिग्दर्शकाला म्हणाली, "यात घाला ना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नकोस म्हणून."

"अगं बाई, पडद्यावर तिचे ओठ मिटलेत. कुठे घालू? आणि लोक फुललेलं माणूस बघायला बसतात, दवाखाना नाही."

नायिका पाठ फिरवते तिथे ओठ दिसत नाहीत. नोंदणीच्या वेळी रगीदानं नेमकं तिथे ते वाक्य म्हटलं, हळूच. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी दिग्दर्शक साहेबांनी ते ऐकलं. "पूस."

मी पुसलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

भाग लागला त्या दिवशी रगीदा मुन्झिरला घेऊन नातेवाइकांकडे गेली होती; तिनं तो पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरचे मामूल, खजूर भरलेली बिस्किटं, घेऊन आली. "तुम्ही ते वाक्य ठेवलंत, फार बरं केलंत," म्हणाली.

मी मामूल खाल्ले.